हिरडीचा रोग आणि हाडाचे औषध : दंतमूलगत व्याधीत अस्थिपोषक चिकित्सेचे स्थान

हिरड्यांतून रक्त येते, दात हलू लागले आहेत, सकाळी तोंडास दुर्गंधी असते, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या चिकित्सापत्रावर अलीकडे एक जोड हटकून दिसते. इरिमेदादी तैल आणि खदिरादी वटी यांच्या खाली लाक्षादी गुग्गुळ, प्रवाळ किंवा हाडसांधीचा एखादा कल्प लिहिलेला असतो. रुग्णही आता जाणता झाला आहे. दाताचा एक्स-रे काढताना ‘हाड झिजले आहे’ हे शब्द त्याच्या कानी पडलेले असतात आणि तो थेट औषधालयात जाऊन हाडाच्या गोळ्या मागतो. झिजलेल्या हाडास हाडाचे औषध, हा तर्क वरवर पाहता निर्दोष वाटतो. तो कोठवर खरा आहे, कोठे अपुरा पडतो आणि कोठे रुग्णास अपायकारक होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. दंतमूलगत व्याधीत अस्थिपोषक औषधांना स्थान निश्चित आहे. परंतु ते दुसरे आहे, पहिले नव्हे. दातावरचा मलसंचय तसाच ठेवून दिलेले अस्थिपोषक द्रव्य, मग ते आपल्या रसशाळेतील असो वा परदेशी कंपनीचे, हिरडीखालचे हाड भरून आणते असे आजवर कोणी दाखविलेले नाही.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगितले व दातांना रुचक अस्थी म्हटले. चरकाचार्यांच्या ३६० अस्थींच्या गणनेत ३२ दात तर आहेतच, पण त्या दातांची ३२ उलूखलेही वेगळी मोजलेली आहेत. उलूखल म्हणजे उखळ. दात ज्या खोबणीत रुतलेला असतो ती खोबण हे स्वतंत्र अस्थी मानावे, ही दृष्टी आज विशेष मोलाची वाटते. कारण दंतवैद्य ज्याला अल्व्हिओलर बोन म्हणतात आणि हिरडीच्या जुनाट रोगात जे झिजते, ते हेच उखळ होय. अस्थिक्षयाच्या लक्षणांत केस, नखे यांच्याबरोबर दात गळणेही सांगितलेले आहे. दात आणि अस्थिधातू यांचा संबंध जोडणे म्हणूनच सर्वस्वी शास्त्रसंमत आहे.

तथापि याच ग्रंथांतील दुसरी बाजू आपल्याकडून अनेकदा निसटते. सुश्रुतांच्या ६५ मुखरोगांपैकी १५ दंतमूलगत आहेत. शीतादात हिरडी मऊ, ओलसर, काळपट होऊन तीतून अकस्मात रक्त येते, आणि तेथे दोष कफ व रक्त हे आहेत. दंतवेष्टात पू व रक्त स्रवते, दात हलतात. तेथे रक्तदुष्टी आहे. उपकुशात दाह व पाक होऊन दात चळतात. तेथे पित्त आणि रक्त आहेत. परिदरात हिरड्या झडतात, थुंकीतून रक्त पडते. दात हलणे हे लक्षण यांत वारंवार येते, पण संप्राप्तीच्या मुळाशी अस्थिक्षय सांगितलेला नाही. अस्थी येते ती दंतनाडीच्या प्रकरणात, आणि तीही उपेक्षेचा परिणाम म्हणून. रोगट दाताची उपेक्षा केली तर नाडीची गती हनुवटीच्या अस्थीचा नाश करते, असा स्पष्ट इशारा तेथे आहे. म्हणजे दुष्टी आधी मांस-रक्तात, अस्थिनाश मागाहून. हा क्रम लक्षात घेतल्यावाचून चिकित्सेचा क्रम ठरविता येत नाही.

आणखी एक स्थळ आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. दंतशर्करा, म्हणजे दातावर दगडासारखा साचणारा मळ, ज्याला व्यवहारात किटण म्हणतात, तो हिरडीस इजा न होऊ देता काढावा आणि नंतर लाक्षाचूर्ण मधात कालवून प्रतिसारण करावे, असे सुश्रुतांचे सूत्र आहे. शस्त्रांच्या यादीत दंतशंकूही आहे. आज दंतचिकित्सालयात जे स्केलिंग होते त्याचा हेतू यापेक्षा निराळा नाही. मात्र आपल्यापैकी अनेकजण सूत्राचा पूर्वार्ध सोडून उत्तरार्धातील लाक्षा तेवढी उचलतात, आणि तीही मुखात चोळावयाची सोडून पोटात देतात!

हाड का झिजते

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण मूलगामी प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना शोथ आला; दात घासणे पुन्हा सुरू करताच तो ओसरला. दातावरचा जंतूंचा चिकट थर हेच हिरडीच्या शोथाचे निमित्त आहे, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले.

या शोथाची मजल सर्वांच्या बाबतीत हाडापर्यंत जात नाही. ज्यांच्यात जाते त्यांच्यात नुकसान करणारे मुख्यतः जंतू नसतात, तर जंतूंना हटविण्यासाठी उसळलेली शरीराची स्वतःची प्रतिक्रिया असते. शोथयुक्त हिरडीतील पेशी असे संदेशद्रव्य सोडतात की ज्यामुळे हाड खाणाऱ्या पेशी, ज्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, त्यांची संख्या व जोर वाढतो. एकीकडे तंतू विरघळविणारी कोलॅजिनेझसारखी विकरे हिरडी आणि दात यांतील बंध सोडवीत असतात. हाड मागे सरते, हिरडी आणि दात यांच्यामधील फट खोल होते. निरोगी अवस्थेत ही फट तीन मिलिमीटरपर्यंत असते. ती वाढली की आत ब्रश पोहोचत नाही, मळ साचतो आणि चक्र चालू राहते. दोष-दूष्य-संमूर्च्छना स्थानवैगुण्याच्या जागी होते असे आपण म्हणतो, त्याचे याहून सुबक उदाहरण क्वचितच सापडेल.

या स्थानिक व्याधीला बळ देणाऱ्या गोष्टी मात्र सार्वदेहिक असतात. मधुमेह हा त्यांतील अग्रणी. याच लो यांनी १९९३ साली दंतमूलरोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते. दुसरे कारण तंबाखू. आपल्या महाराष्ट्रात विशेषतः स्त्रियांमध्ये मशेरीची सवय अजूनही आहे. तंबाखू भाजून, त्याची पूड हिरडीवर चोळावयाची आणि त्यासच दात घासणे म्हणावयाचे, हा प्रकार ऐकून रुग्णेवर रागावण्यात अर्थ नसतो, कारण ती आपल्या समजुतीप्रमाणे दातांची काळजीच घेत असते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, हे औषधालयचालकांस ठाऊकच आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र ती बंदी लागू पडत नाही. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांत हिरड्यांतून रक्त कमी येते. रक्त नाही म्हणून रोग नाही असे समजून चालणाऱ्यांचे हाड आतल्या आत बरेच गेलेले असते.

आधुनिकांचे प्रयोग आणि त्यांचा निष्कर्ष

हाड खाणाऱ्या पेशींना किंवा तंतू विरघळविणाऱ्या विकरांना औषधाने आवर घालावा, ही कल्पना गेल्या चाळीस वर्षांत आधुनिक वैद्यकाने निरनिराळ्या मार्गांनी पारखून पाहिली. अमेरिकेतील लॉर्न गोलब यांच्या गटाने १९८३ च्या सुमारास असे दाखविले की टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे जंतुनाशनाखेरीज कोलॅजिनेझ या विकरासही रोखतात. त्यातून डॉक्सिसायक्लिन २० मि.ग्रॅ. दिवसातून दोन वेळा, म्हणजे जंतुनाशक मात्रेहून कमी मात्रेत देण्याची पद्धत निघाली आणि १९९८ साली अमेरिकेत तीस मान्यता मिळाली. या एकाच औषधाविषयी तज्ज्ञांचे दोन पक्ष आहेत. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१५ साली स्केलिंगच्या जोडीला ते वापरण्यास अनुकूल मत दिले. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात ते न वापरण्याचे सुचविले आहे. लाभ आहे, पण इतका अल्प की तो पदरात घेण्यासारखा आहे काय, एवढाच वाद.

अस्थिसौषिर्यात, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये दिली जाणारी अलेंड्रोनेटसारखी बिस्फॉस्फोनेट औषधेही हिरडीच्या रोगात वापरून पाहिली गेली. बंगळूर येथील शासकीय दंत महाविद्यालयात डॉ. ए. आर. प्रदीप यांच्या गटाने अलेंड्रोनेट आणि सिमव्हास्टॅटिन यांचे जेल हिरडीच्या फटीत भरून अनेक चाचण्या केल्या व चांगले परिणाम नोंदविले. तरीही २०२० च्या युरोपीय मार्गदर्शनाने बिस्फॉस्फोनेट आणि स्टॅटिन जेल या दोहोंची शिफारस नाकारली. एका ठिकाणचे उत्तम निष्कर्ष अन्यत्र तसेच सिद्ध व्हावे लागतात, हा दंडक कठोर आहे, परंतु तो आपणांसही लागू करून घेण्यासारखा आहे.

सर्वांत बोलकी चाचणी २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हिरडीच्या तीव्र जुनाट रोगाचे ४० रुग्ण घेऊन सर्वांवर हिरडीचे शस्त्रकर्म केले. निम्म्यांना टेरिपॅराटाइड हे हाड घडविणारे इंजेक्शन रोज २० मायक्रोग्रॅम याप्रमाणे सहा आठवडे दिले, उरलेल्यांना औषधविरहित इंजेक्शन. वर्षभराने पहिल्या गटात हाडातील खळगे २९ टक्के भरलेले आढळले, दुसऱ्यात अवघे ३ टक्के. आता या आकड्यांकडे वैद्याच्या नजरेने पाहावे. दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रोज दिलेले होते. म्हणजे उत्तम शस्त्रकर्म, त्यावर कॅल्शियम, त्यावर ड जीवनसत्त्व, आणि भरपाई ३ टक्के! केवळ कॅल्शियमच्या भरवशावर हलता दात घट्ट करून देण्याचे आश्वासन देणाऱ्याने, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, हा आकडा ध्यानी ठेवावा. टेरिपॅराटाइडही या व्याधीसाठी रूढ झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

मग कॅल्शियम निरुपयोगी म्हणावे काय? तसेही नाही. अमेरिकेतील १४५ वृद्धांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या काळात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी १३ टक्के जणांनी एखादा तरी दात गमावला, न घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. हाड भरून आणणे आणि आहे ते हाड टिकविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पोषणाचा उपयोग दुसऱ्या कामी होतो.

आपल्या भात्यातील औषधे

हाच भेद मनात ठेवून आपल्या औषधांकडे वळू. प्रथम प्रवाळ. प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, म्हणून ते हाडासाठी, असा हिशेब सर्रास मांडला जातो. तो कागदावर करून पाहावा. प्रवाळ पिष्टी २५० मि.ग्रॅ. दोन वेळा दिली आणि ती संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेट आहे असे धरले, तरी त्या संयुगात कॅल्शियमचे प्रमाण ४० टक्के असल्याने दिवसभरात २०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची शिफारस १००० मि.ग्रॅ. ठरविली आहे. मोठा पेलाभर गाईचे दूध साधारण तेवढेच कॅल्शियम देते, आणि १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मि.ग्रॅ. असते. केवळ कॅल्शियमच द्यावयाचे तर प्रवाळापेक्षा नाचणीची भाकरी श्रेष्ठ ठरेल. पण आपल्या आचार्यांनी प्रवाळ पुरवठ्याचे द्रव्य म्हणून योजलेच नव्हते. ते पित्तशामक, दाहघ्न आणि रक्तस्तंभक म्हणून योजले. उपकुश-परिदरात, जेथे दाह आणि रक्तस्राव आहे, तेथे प्रवाळ अवश्य द्यावे आणि त्याच कारणासाठी द्यावे. कफप्रधान, सुजलेल्या, लाळ गळणाऱ्या हिरडीत केवळ हाडाच्या नावाखाली ते देण्यास आधार दिसत नाही.

हाडसांधीचे तसेच आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व डॉ. जी. प्रसाद यांनी १९६० नंतरच्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून अस्थिभग्न लवकर सांधण्यात या वनस्पतीचा उपयोग दाखविला. आपल्या शास्त्राच्या आधुनिक परीक्षणातील ते अभिमानाचे पान आहे. लाक्षादी गुग्गुळात लाक्षा, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला ही द्रव्ये आहेत आणि त्याचा अधिकार भग्न हा आहे. परंतु मोडलेले हाड आणि शोथाने विरघळलेले उखळ यांत मोठे अंतर आहे. भग्नात दोन टोके समोरासमोर असतात, जागा निर्जंतुक असते, शरीर सांधण्यास उत्सुक असते. हिरडीच्या फटीत पू आहे, शर्करा आहे, आणि हाड खाणाऱ्या पेशींना दर क्षणी नवे आमंत्रण जात आहे. तेथे भग्नाधिकारातील योग देणे म्हणजे गळका हौद न लिंपता वरून पाणी ओतण्यासारखे आहे. हौद लिंपल्यावर, अर्थात शोधनानंतर, तोच योग देण्यास आमचा विरोध नाही. उलट वृद्ध, कृश, वातप्रधान रुग्णात आम्ही तो देतो.

अस्थीसाठी सर्वांत विचारपूर्वक सांगितलेली चिकित्सा आहे ती तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांची आणि बस्तीची. अस्थी हा वाताचा आश्रय. आणि येथे नेहमीचा नियम उलटतो. अस्थी वाढविणारे द्रव्य वात कमी करते, वात वाढविणारे द्रव्य अस्थी क्षीण करते. तर मग वातवर्धक तिक्त रस अस्थिविकारात का, या प्रश्नावर अरुणदत्तांनी केलेला ऊहापोह पुन्हा वाचण्यासारखा आहे. स्निग्धत्व आणि खरत्व दोन्ही देणारे एकच द्रव्य नाही, म्हणून स्निग्ध दूध-तूप आणि खरत्व आणणारे तिक्त द्रव्य यांचा संयोग, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. हिरडीच्या रोगात या योजनेचा एक जादा लाभ असा की तिक्त रस पित्त-रक्ताच्या दुष्टीवरही काम करतो. पंचतिक्त घृत गुग्गुळासारखा कल्प म्हणूनच येथे प्रवाळ किंवा लाक्षादी यांपेक्षा अधिक समर्पक वाटतो. मात्र अग्निबल पाहूनच. दंतवेष्टात काकोल्यादी गणाने व दुधाने सिद्ध केलेल्या तुपाचे नस्य सांगितले आहे, तेही आपल्या व्यवहारातून जवळजवळ हद्दपार झाले आहे.

स्थानिक उपक्रमांविषयी थोडक्यात. शीतादात रक्तमोक्षणानंतर शुंठी, सर्षप, त्रिफळा, मुस्ता यांच्या क्वाथाचा गंडूष. दंतवेष्टात लोध्र, पत्तंग, यष्टी व लाक्षा यांचे मधातून प्रतिसारण. हे सर्व वैद्यांस परिचित आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १४३१ शाळकरी मुलांच्या चाचणीत त्रिफळ्याच्या गुळण्या क्लोरहेक्सिडिनच्या तोडीच्या ठरल्या. अर्थात तेथे मोजला होता तो दातावरचा थर आणि हिरडीचा शोथ. हाड मोजलेले नव्हते.

आता एका सार्वत्रिक भ्रमाविषयी. स्केलिंग व गंडूष यांनी शोथ उतरला की हलणारा दात काही आठवड्यांत बराचसा घट्ट होतो. हाड तिळभरही न वाढता हे घडते. सुजलेले, सैल झालेले तंतू पूर्ववत होतात एवढेच. त्याच काळात रुग्ण लाक्षादी गुग्गुळ घेत असेल तर यश लाक्षादीच्या खात्यावर जमा होते आणि ‘हाड भरले’ अशी वार्ता पसरते. आडवे, सरसकट झिजलेले हाड सहसा परत येत नाही. उभ्या खळग्यांतच भरून येण्याची शक्यता असते. हाड भरले असे म्हणावयाचे तर त्याच कोनातून घेतलेले आधीचे व वर्षानंतरचे असे दोन एक्स-रे समोर हवेत.

विचारलाच पाहिजे असा प्रश्न

येथवरची चर्चा लाभ किती याची होती. पुढील मुद्दा रुग्णाच्या जबड्याचा आहे.

बिस्फॉस्फोनेट औषधे हाड खाणाऱ्या पेशींना निष्क्रिय करतात आणि हाडात वर्षानुवर्षे साठून राहतात. २००३ साली मायामी येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी पॅमिड्रोनेट व झोलेड्रोनेट घेतलेल्या ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या जबड्याचे हाड उघडे पडून मृत झाले होते. पुढे डेनोसुमॅब या वेगळ्या वर्गातील औषधानेही हेच घडते असे दिसून आले. औषध चालू असता, किरणोपचार झालेले नसता, जबड्याचे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहणे ही या व्याधीची खूण होय. दात काढणे हे त्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त, आणि हिरडीचा जुना रोग हे त्यास पोषक कारण. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांत धोका अधिक असतो. अस्थिसौषिर्यासाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांत तो फार अल्प, अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या २०२२ सालच्या निवेदनानुसार दहा हजारांत दोन ते पाच जणांत, एवढाच आहे. म्हणून रुग्णास भयभीत करण्याचे कारण नाही. पण विचारण्याचे निश्चित आहे.

आमच्याकडे आलेल्या चौसष्ट वर्षांच्या एका बाईंच्या खालच्या दोन दातांभोवती पू होता. जलौकावचरण करावे अशी त्यांचीच मागणी होती, कारण शेजारणीस त्याने गुण आला होता. हाडांसाठी कोणते औषध चालू आहे काय, असे विचारता त्या म्हणाल्या, “गोळी कसलीच घेत नाही डॉक्टर, वर्षातून एकदा सलाईन तेवढं लावतात.” ते सलाईन झोलेड्रोनेटचे होते. रुग्णाच्या लेखी वर्षातून एकदा घेतलेले औषध हे औषधच नसते! आम्ही जलौका पुढे ढकलून त्यांच्या अस्थितज्ज्ञांस व दंतवैद्यास पत्र दिले. दंतवैद्यांनी हलक्या हाताने मळ काढून दात तारेने शेजारच्या दातांना बांधले, काढले नाहीत. आम्ही त्रिफळा-खदिर क्वाथाचा गंडूष आणि पोटात तिक्तप्रधान कल्प एवढेच दिले. पू थांबला. हाड वाढले किंवा कसे, याविषयी आमचा काही दावा नाही.

तेव्हा चाळिशी उलटलेल्या प्रत्येक दंतमूलगत रुग्णास, आणि विशेषतः रजोनिवृत्त स्त्रीस, रोजची गोळी, आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचे इंजेक्शन आणि वर्षाचे सलाईन हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल तर हिरडीवर शस्त्र, क्षार, अग्निकर्म वा जलौका यांचा प्रयोग दंतवैद्याशी बोलल्याविना करू नये. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे ते औषध आपण होऊन बंद करावयास सांगू नये. डेनोसुमॅब मध्येच सोडल्यास हाडाची झीज उसळी घेते आणि मणक्याचे भग्न झाल्याच्या नोंदी आहेत.

औषधालयाच्या फळीवर

औषधालयचालकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली वेळेची. अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास काही न खाता ताठ बसावयाचे असते. त्याच वेळी प्रवाळ, शंख, शुक्ती, कपर्दिक यांपैकी काही घेतले तर ती गोळी शोषलीच जात नाही. डॉक्सिसायक्लिनचेही कॅल्शियमशी असेच वैर आहे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांत तर चार तासांचे अंतर राखावयास सांगावे. रुग्णाने दोन्ही औषधे निष्ठेने घ्यावीत आणि एकाने दुसऱ्याचा नाश करावा, असे घडते. आणि दोन दुकानांतून दोन औषधे आणल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट निदानाची. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन किंवा अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या त्या औषधामुळेच वाढून दातांवर चढतात. अधिमांस समजून आपण लेखन-प्रतिसारण करीत राहतो, कारण मात्र रुग्णाच्या खिशातल्या गोळीत असते. अशांस हाडाच्या गोळ्या देऊन काहीही साधत नाही. मूळ चिकित्सकाकडे परत पाठवावे. ज्याच्या हिरड्या वारंवार पिकतात त्याची रक्तशर्करा तपासलेली आहे काय, हेही गल्ल्यावरून विचारता येते.

रुग्णपत्रावर पहिल्या भेटीत पुढील नोंदी असाव्यात : कोणत्या दाताभोवती रक्त अथवा पू आहे, कोणता दात किती हलतो, दंतवैद्याने मोजलेली फटीची खोली मिलिमीटरमध्ये, मशेरी-तंबाखूची सवय, रक्तशर्करा, आणि वर सांगितलेल्या चार प्रश्नांची उत्तरे. शर्कराहरण झाल्याची तारीख लिहावी. त्यानंतर सहा ते आठ आठवडे केवळ स्थानिक उपक्रम व दोषानुरूप शमन करून खोली पुन्हा मोजून घ्यावी. अस्थिपोषक कल्प त्या दिवशी सुरू करावा, त्याआधी नव्हे. म्हणजे दाताचा घट्टपणा गंडूष-शोधनाने आला की कल्पाने, हे ओळखता येईल. वर्ष पूर्ण झाल्यावर दुसरा एक्स-रे घ्यावा. ज्या सभासद वैद्यांकडे अशा जोडीच्या नोंदी असतील त्यांनी, परिणाम अनुकूल असो वा प्रतिकूल, रुग्णाचे नाव वगळून त्या संपादकांकडे धाडाव्यात.